पंधरा मिनिटं पुढचं घड्याळ

इथले अनुभव मी बरीच वर्षं वाचते, आणि खरं सांगायचं तर निम्म्यांना हसते. पांढरी साडी, पिंपळ, अमावस्या… लोकांना रिकामा वेळ फार, असं माझं मत होतं. मी साताऱ्याला एका कंपनीच्या टाइम ऑफिसात काम करते. कोण किती वाजता आलं, कोण किती मिनिटं उशिरा आलं, याची नोंद ठेवायची. बावीस वर्षं हेच चाललंय. 'माणूस खोटं बोलेल, घड्याळ बोलत नाही' असं मी नवीन पोरापोरींना ऐकवायची. आता ऐकवत नाही.

आणखी एक. यात रात्र-बित्र काही नाही. जे झालं ते भर दुपारी, घरात जाग असताना झालं.

माझं माहेर सांगलीजवळ, माधवनगरहून कवलापूरकडे जाताना माळावर जी वस्ती लागते तिथं. दोन खोल्या, पुढे पत्र्याची पडवी. वडील, म्हणजे आमचे आण्णा, माधवनगरच्या एका मिलमध्ये होते. मिल बंद पडून आता इतकी वर्षं झालीत की तिथं मिल होती हे नव्या लोकांना सांगावं लागतं. तेव्हा मात्र सगळं माधवनगर मिलच्या भोंग्यावर चालायचं. दुपारच्या पाळीला तीन भोंगे व्हायचे. पहिला अडीचला, दुसरा पावणेतीनला, तिसरा तीनला. तिसरा झाला की गेट बंद. मग तुम्ही साहेबाचे जावई असा नाहीतर आणखी कोणी, घरी जायचं.

आमची वस्ती लांब, सायकलवर पंचवीस मिनिटं. भोंगा आमच्यापर्यंत कधीच पोचला नाही, वारा कुठूनही असो. हे लक्षात ठेवा.

भोंगा ऐकू येत नाही म्हणून आण्णांनी चावीचं भिंतीवरचं घड्याळ घेतलं आणि ते पंधरा मिनिटं पुढे लावलं. वस्तीतल्या सगळ्याच मिलवाल्यांच्या घरात घड्याळ पुढे असायचं. कुणाचं दहा, कुणाचं वीस. आणि गंमत अशी, की घड्याळ पुढे आहे हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायचं. म्हणजे घड्याळ पुढे करायचं आणि बघताना मनातल्या मनात वजाबाकी करायची! दोन वाजले म्हणजे पावणेदोन, निवांत जेव. आईला विचारलं, की मग पुढे करायचंच कशाला, तर म्हणायची, "असू दे, आधार वाटतोय."

मी आठ वर्षांची असताना शाळेत घड्याळ वाचायला शिकले. एका दुपारी आण्णा जेवणाआधी जरा आडवे झाले होते, आई नळावर होती, आणि रेडिओवर वेळ सांगितली. आपलं घड्याळ चुकलंय, हे मला कळलं. आपल्याला कळलं याचा केवढा आनंद! स्टुलावर चढले, काच उघडली आणि मोठा काटा बोटाने पंधरा मिनिटं मागे घेतला. कुणाला सांगितलं नाही. बघून आपणहून शाबासकी देतील असं वाटलं होतं.

थोड्या वेळाने दस्तगीरचाचा दारात आले. आण्णांचे जिवाभावाचे दोस्त, वस्तीतच राहायचे. ते मिलमध्ये 'बदली' होते. म्हणजे कायमची नोकरी नाही. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं, आणि तिसरा भोंगा झाला की जो कायम कामगार आला नसेल त्याच्या जागेवर आत घ्यायचे. दुसऱ्याच्या उशिरावर ह्यांचं पोट.

"चल गड्या, येळ झाली," चाचा म्हणाले.

आण्णांनी भिंतीकडे पाहिलं. सव्वादोन. सवयीने वजाबाकी केली. "दोनच वाजल्यात रं. जेवतो आन् येतो. तू हो म्होरं."

चाचा गेले. आण्णा जेवले, पान खाल्लं, अडीच झाले असं समजून सायकल काढली. तेव्हा पावणेतीन वाजले होते. गेटवर पोचले तर गेट बंद.

त्या दिवशी आण्णांच्या मशीनवर बदली म्हणून दस्तगीरचाचांना घेतलं. साडेपाचच्या सुमारास पट्ट्यात त्यांच्या सदऱ्याची बाही अडकली. यापुढचं मी लिहीत नाही.

गेटबाहेरच थांबून राहिलेले आण्णा संध्याकाळी उशिरा घरी आले. थेट घड्याळासमोर गेले, काच उघडली आणि हात वर करून काटा पंधरा मिनिटं पुढे सरकवला. मी दाराआडून बघत होते. मला वाटलं, घड्याळ मागे पडलं असं त्यांना वाटलं असणार. लोकांनी विचारलं तेव्हा त्यांनी एकच सांगितलं, "माजा डोळा लागला." मेहरूनचाचीला, म्हणजे दस्तगीरचाचांच्या बायकोलाही तेच सांगितलं. वस्तीतल्या काहींनी मग आण्णांना 'झोप्या' म्हणायला सुरुवात केली. माझ्यासमोर म्हणायचे. मी गप्प बसायचे. आठ वर्षांची होते तेव्हा भीतीने गप्प बसले. अठराव्या वर्षी, अठ्ठाविसाव्या वर्षी, चाळिसाव्या वर्षी गप्प बसले त्याला काय म्हणायचं, तुम्हीच ठरवा.

आता मुद्द्याचं.

या उन्हाळ्यात आण्णांनी अंथरूण धरलं. वय झालेलं, छाती भरलेली. डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं, म्हणजे काय ते आपल्याला कळतं. मी रजा टाकून माहेरी आले. घड्याळ तिथंच भिंतीवर, बुद्धाच्या तसबिरीशेजारी. दर रविवारी आई स्टुलावर चढून चावी द्यायची. अजूनही पंधरा मिनिटं पुढे! मिल नाही, पाळी नाही, घाई कसली नाही, तरी घर आपलं पंधरा मिनिटं पुढेच जगत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आण्णा डोळे मिटूनच म्हणाले, "पयला झाला."

"काय झाला, आण्णा?"

"भोंगा गं. माजी कापडं काड."

आई पदराने डोळे पुसत म्हणाली, "चार दीस झालं, असंच चाललंय." मी सवयीने मोबाइल पाहिला. अडीच. बरोबर अडीच, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. योगायोग म्हटलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा अडीच. चौथ्या दिवशीही. पडल्या जागेवरून त्यांना घड्याळ दिसत नव्हतं, पाठ त्या भिंतीकडे होती. आणि दिसलं असतं तरी ते घड्याळ पावणेतीन दाखवत होतं.

म्हाताऱ्या माणसाच्या अंगात आयुष्यभराची वेळ भिनलेली असते, अशी मी माझी समजूत घातली. आमच्या कंपनीतले रिटायर झालेले लोकसुद्धा सकाळी सहाला डबा घेऊन अंगणात उभे राहतात.

गुरुवारी अडीचला ते काही बोलले नाहीत. मला बरं वाटलं. पावणेतीनला डोळे उघडले आणि म्हणाले, "दुसरा झाला की गं. दस्तगीर हुबा हाय थितं. माज्या जाग्याव घेत्याल त्येला."

दुसऱ्यानंतर एकच उरतो.

त्या रात्री ठरवलं, की उद्या सांगायचं. 'आण्णा, तुमचा डोळा लागला नव्हता. काटा मी फिरवला होता.' एवढी दोन वाक्यं. शुक्रवारी सकाळी आण्णा चांगले शुद्धीवर होते. स्वतःच म्हणाले, "मेहरूनला बोलीव दुपारी. तिला एक सांगायचं ऱ्हायलंय." मला ते फार सोयीचं वाटलं. दोघांना एकदमच सांगू, असं मनाशी म्हटलं. खरं तर मला आणखी चार तास पळवाट हवी होती.

एकच्या सुमाराला जेवताना मी घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिलं. ही माझी खोड आहे, कुठंही बसले तरी पाहते. पंधरा मिनिटं पुढे, रोजच्यासारखंच. मोबाइल आतल्या खोलीत चार्जिंगला लावला. आण्णांचा डोळा लागला होता. घड्याळात दोन अठ्ठेचाळीस झाले तेव्हा मी उठले. वजाबाकी केली, म्हणजे दोन तेहेतीस. आज पहिलाही झाला नाही त्यांचा. हातात भरपूर वेळ आहे. चाचीचं घर पाच मिनिटांवर.

चाची नमाज पढत होत्या. मी बाहेर ओट्यावर बसले. घाई नव्हतीच. नमाज झाली, त्यांनी चप्पल शोधली, शेळीला पाणी ठेवलं, माझा हात धरला. "बेटा, जरा हळू. गुडघं लय दुखत्यात." आम्ही हळूहळू चालत बोअरपाशी आलो, आणि मी भोंगा ऐकला.

लहानपणी डबा द्यायला गेटवर जायचे, तेव्हा ऐकलेला. तोच. आधी खालून गुरगुरत येणारा, मग चढत जाणारा, आणि चढल्यावर थांबायचं नावच न घेणारा. माधवनगरच्या बाजूने आला. चाची सुनेबद्दल काहीतरी सांगत होत्या, त्या सांगतच राहिल्या. त्यांना काहीच ऐकू आलं नव्हतं.

मी त्यांचा हात सोडून पळाले.

आई उंबऱ्यात बसली होती. तिच्याकडे बघूनच कळलं. आत गेले. आण्णांचं तोंड घड्याळाकडे होतं. गेले कित्येक दिवस ज्यांना कुशीवर वळवायला दोघी लागायचो, ते आपणहून त्या भिंतीकडे वळले होते.

घड्याळात तीन वाजून चार मिनिटं झाली होती. वजाबाकी केली, म्हणजे दोन एकोणपन्नास. मग मी आत जाऊन मोबाइल उचलला.

तीन वाजून चार मिनिटं.

मी पुन्हा बाहेर येऊन पाहिलं. पुन्हा आत गेले. आईला विचारलं, कोणी आलं होतं का, कोणी हात लावला का. आईचा हात तिथवर पोचत नाही. स्टूल पडवीत होतं आणि त्यावर पिठाचा डबा तसाच. घड्याळाच्या काचेवरची धूळसुद्धा तशीच होती, आणि काच उघडल्याशिवाय काटा फिरत नाही. बावीस वर्षं दुसऱ्यांच्या उशिराला लाल शाईने खूण करणारी बाई मी… गेट बंद झाल्यावर पोचले. आण्णा त्या दिवशी जसे चुकले होते तशीच, त्याच वजाबाकीने.

रात्री माणसं पांगल्यावर आई म्हणाली, "जाताना शुद्धीत हुतं बग. आपसूक वळलं, घड्याळाकडं बघितलं. आन् म्हनलं, 'पोरीनं घड्याळ नीट केलंया जनू. तिला कुनी काय बोलू नगा.'" मग माझ्याकडे बघत राहिली. "म्हंजी काय गं? तू हात लावलावतास?"

मी नाही म्हणाले. ते खरंच होतं, आणि खोटंही.

त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. लोकांनी झोप्या म्हटलं ते त्यांनी माझ्यासाठी ऐकून घेतलं, जन्मभर. आणि मला एकदाही जाणवू दिलं नाही. हे लिहितानाही मला नीट दिसत नाहीये.

घड्याळ मी साताऱ्याला घेऊन आले. पुन्हा पंधरा मिनिटं पुढे लावलं, का ते विचारू नका. इथल्या घड्याळजीला खोलून दाखवलं. तो म्हणाला, मशीन चांगलं आहे, तेल दिलंय, वर्षभर बघायला नको. एका दुपारी पावणेदोन तासांत चालता चालता पंधरा मिनिटं कशी गळतील, विचारलं तर म्हणाला, "थांबलं असेल, ताई." थांबलेलं चावीचं घड्याळ कोणी न हलवता पुन्हा सुरू होतं का? तर तो घड्याळ कागदात गुंडाळायला लागला. माझा भाऊ म्हणतो, तू जेवताना चुकीचं पाहिलंस. मी! असेल. भोंग्याचं काय, तर कुठल्यातरी कारखान्याचा असेल. तोही असेल. मी शोधायचं थांबवलंय.

मेहरूनचाचींना मी अजून काही सांगितलेलं नाही. त्या दिवशी त्या मागून चालत आल्या, आण्णांच्या पायाशी बसल्या आणि म्हणाल्या, "काय सांगायचं हुतं मला, ते ऱ्हायलंच की." मी शेजारीच उभी होते.

दोन महिने घड्याळ पंधरा मिनिटं पुढे चाललं. मागच्या सोमवारी ताडून पाहिलं तर चौदा. मंगळवारी तेरा. जुनं घड्याळ दिवसाला एक मिनिट मागे पडतं यात नवल काही नाही, हे मलाही कळतं. परवा आईचा फोन आला होता. मेहरूननं अंथरूण धरलंय म्हणाली, दुपारची सारखी दाराकडं बघत असते.

आज सकाळी नऊ मिनिटं होती. रजेचा अर्ज देऊन स्टँडवर आलेय, सांगलीची गाडी लागेपर्यंत इथं बाकावर बसून हे लिहितेय. नऊ म्हणजे अजून किती दिवस, हे मोजत बसणार नाही. या वेळी वजाबाकी करायची नाही.