उन्हात धावणाऱ्या सुखदेवला मी दिलेली गोळी

उशिरा लिहितो आहे, माफ करा.

सुखदेवला ती गोळी मीच दिली होती.

काल त्याला जाऊन वर्ष झालं. पोस्ट कालच टाकायची होती. पण दिवसभर शर्यतीच्या रस्त्यावर होतो, आणि जे पाहिलं त्याने रात्रभर झोप लागली नाही.

आनंदाने हो. घाबरू नका.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुखदेव माझा सौंदडचा मित्र. पिढ्यान् पिढ्या तलाव बांधणाऱ्यांच्या घरचा. साठीत धावायला लागला, आणि तलावाच्या पारीवर, म्हणजे बांधावर, अर्ध्या गावाला धावायला लावलं.

माझं कुडव्याला किराणा दुकान. शिक्षण सातवी.

आमच्याकडे रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, दिवसांत माणसं सकाळीच अंगदुखीची गोळी घेऊन चिखलात उतरतात. दुखायच्या आधीच. मीच विकतो. त्यात काही वाईट असतं हे मला ठाऊक नव्हतं.

चार वर्षांपूर्वी, एप्रिलात, एकवीस किलोमीटरची शर्यत. सुखदेवचा गुडघा ठणकत होता.

"एक गोळी दे गा."

"काही खाल्लं का?"

"धावाच्या आधी कोणी खाते का?"

मी दोन दिल्या.

शर्यत पूर्ण केली त्याने. मग पोट धरून रस्त्यातच बसला. उलट्या. दुसऱ्या दिवशी संडास डांबरासारखी काळी. दवाखान्यात ठेवावं लागलं.

डॉक्टरीण बाईंनी समजावलं. उन्हात धावताना अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे पळतं, बाकीचं पायांकडे. आतड्याला पुरत नाही. मग आतड्याचं अस्तर सैल होतं, आतली घाण रक्तात पाझरते आणि सगळ्या अंगात दाह उठतो. त्यात उपाशीपोटी घेतलेली गोळी तेच अस्तर आणखी सोलते.

मी रडकुंडीला आलो होतो. आणि हा सलाईन लावलेला माणूस एकदम उठून बसला!

"बाई, हे त आमच्या तलावाच्या पारीवानीच हाय! पार सुकली का भेगा, भेगा पडल्या का पाझरणं सुरू. ओली ठेवा लागते!"

बाई हसल्या. "हो काका, तसंच समजा."

त्यानंतर त्याचं शिकवणंच बदललं. उन्हात एकदम उतरायचं नाही, पंधरा दिवस रोज थोडं थोडं वाढवायचं. सरावातच मीठ घातलेली तांदळाची पेज घोट घोट घ्यायची, म्हणजे धावताना पचवायची पोटाला सवय लागते. आणि कोणी गोळीचं नाव काढलं की तो माझ्याकडे बघून हसायचा.

मी नाही हसायचो.

गेल्या वर्षी तो हृदयविकाराने गेला. त्या गोळीचा काही संबंध नाही, असं बाई म्हणाल्या. मी तीनदा विचारलं.

काल त्याची नात पल्लवी त्याच शर्यतीत उतरली. वहिनींनी, तिच्या आजीने, आधीच बजावलं होतं, "आज्यासारखी पोट धरून आली त जोडे चुलीत घालीन."

सहाला सुटायची शर्यत. झेंडा दाखवणारे पाहुणे आले आठला. ऊन डोक्यावर! मी स्कुटीवरून मागे मागे.

पंधराव्या किलोमीटरला पल्लवी कडेला आली. पोट दाबून.

"आबाजी, गोळी असंल त द्या ना. सगळे घेऊन राहिले."

शर्टाच्या खिशात होती. सवयीने ठेवलेली.

"नाही."

"मग कायले आले माह्या मागं?"

लागलं मला. पण तिच्या डोक्यावर पाणी ओतलं, पेजेची बाटली पुढे केली.

"आता धावू नको. चाल. अन् चक्कर आली त सांगजो, शर्यत गेली उडत."

ती चालली. रागाने. किती तरी जण पुढे निघून गेले. म्हटलं, आपण पोरीची वर्षभराची मेहनत घालवली. किलोमीटर, दीड किलोमीटर. मग तिने पोटावरचा हात काढला.

आणि धावायला लागली!

नंबर शेवटून मोजला तर लवकर सापडेल. पण ऐका तर, रेषा ओलांडून पोरगी म्हणते काय?

"आजी, भूक लागली."

दोन प्लेट पोहे खाल्ले. दोन! वहिनी म्हणाल्या, "पोट मागून राहिलं म्हणजे चांगलं हाय. धाव बाई."

आज सकाळपासून मी पल्लवीला चार फोन केले, पोट कसं आहे विचारायला. चौथ्याला ती म्हणाली, "आबाजी, झोपू द्या ना!"

सुखदेव, तुझं शिकवलेलं काल त्या रस्त्यावर धावलं. मी डोळ्यांनी पाहिलं. जा बाप्पा, निवांत जा.

आणि एक. शर्यतीनंतर हिरव्या टी-शर्टातले चिचगडचे एक मास्तर झाडाखाली उलट्या करत होते. मला म्हणाले, "काका, गोळी तुमच्याच दुकानातून नेली होती. काकूंनी दिली." काकू म्हणजे माझी बायको. मी काही बोलायच्या आत कोणीतरी त्यांना गाडीवर बसवून नेलं. नाव विचारायचं राहिलं.

मास्तर, संडास काळी दिसली किंवा पोट दुखतच राहिलं तर थांबू नका, तडक दवाखान्यात जा. तुम्ही नाही तर तुम्हाला ओळखणाऱ्या कोणी तरी हे वाचून लवकर कळवा.

एक ओळ पुरे. फोन हातातच धरून बसलो आहे.