हिरवी पिल्लं

अमरावतीच्या प्रयोगशाळेत ती माझ्या शेजारच्या टेबलावर काम करायची. घर पातूरकडचं, फुलशेतीवाल्यांचं. कृमींना इंजेक्शन द्यायच्या दिवशी ती चहाला शिवत नसे, हात थरथरतो म्हणायची. डोळ्यांना जेमतेम दिसणारा गोलकृमी सूक्ष्मदर्शकाखाली धरायचा आणि काचेच्या अतिबारीक सुईने त्याच्या अंडाशयात जनुक बदलणारं द्रावण सोडायचं, हे तिचं काम. हात रेंगाळला की कृमी सुकून मरे. म्हणून ती त्याच्याशी बोलत राही, "थांब माय, झालंच. मरू नोको."

कृमी जगायचे, पण पिल्लांमध्ये बदल उतरत नव्हता. शेवटी सर म्हणाले, "आता विषय बदलू."

"विषय काहून बदलाचा सर? मी सुई बदलतो," ती म्हणाली. मग दिवसभर काच तापवून ती नव्या सुया ओढत बसली. मनासारखी उतरली नाही की सरळ फेकून द्यायची.

त्या सुयांनी टोचलेल्या कृमींची पिल्लं तिने एका सकाळी तपासायला घेतली आणि एकदम माझा हात ओढला. "ताई, पाहा न!"

वळवळणाऱ्या पिल्लांपैकी काहींच्या घशात हिरवा उजेड चमकत होता. आम्ही घातलेलं चमकतं जनुक त्यांच्यात उतरलं होतं! मी ओरडलेच. ती मात्र तडक सरांच्या खोलीत गेली आणि चालू बैठकीतून त्यांना उठवून घेऊन आली.

सर सूक्ष्मदर्शकावर वाकले, ते मान वर करीनात. खोलीत सगळे टाळ्या वाजवत होते. तिने थोडा वेळ वाट पाहिली.

"सर, उठा आता," ती म्हणाली. "मले दुसरं जनुक घ्याचं हाय."