सरांच्या पुस्तकातलं माझं अक्षर

सर गेल्याचा फोन आला तेव्हा मी नांदेडच्या आमच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखत होतो. राहिलेल्या दोन रेषा पुऱ्या केल्या आणि मगच निघालो. पंचवीस वर्षं त्यांचा सहायक प्रशिक्षक होतो. तेवढा उशीर मी कमावला होता. मेल्या माणसाचं वाईट बोलू नये म्हणतात. मी आज बोलणार आहे...

फुटबॉल प्रशिक्षकांची आत्मचरित्रं मी हौसेनं वाचतो. सगळे सडेतोड असतात, फक्त स्वतःच्या चुकीपाशी आले की त्यांची आठवण अधू होते. सरांनाही पुस्तकाची हुक्की आली. माझं अक्षर चांगलं म्हणून लिहून घ्यायला मला बसवलं. ते डोळे मिटून सांगायचे, मी लिहायचो. कुणाचा आळस, कुणाचं पिणं, काही सोडलं नाही. मीही मजेत लिहीत गेलो, हे कबूल करतो.

मग लातूरच्या अंतिम सामन्याचं प्रकरण आलं. आमचा बचावपटू माधव, त्याचा गुडघा सुजलेला. त्यानं तो मलाच दाखवला होता, आणि त्याला खेळवू नका असं मी सरांना दोनदा सांगितलं होतं. सरांनी खेळवलं. अर्ध्या तासात गुडघा गेला, तो कायमचा.

डोळे न उघडता सर म्हणाले, "लिही व्यंकट. गुडघ्याचं सहायकानं मला सांगितलंच न्हाई."

"सर, मी सांगितलं होतं."

"हाव. पण पुस्तक माझं हाय ना?"

आणि मी लिहिलं, वळणदार अक्षरात. वाचूनही दाखवलं. यालाच निष्ठा म्हणतात, असं तेव्हा वाटलं. माधव आता लातूरला डाळमिलमध्ये असतो. पुस्तक वाचल्यापासून त्यानं माझे फोन घेणं बंद केलं. शोकसभेत तो लंगडत आला, सरांच्या फोटोला हार घातला आणि माझ्याकडे न बघता गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच रात्री सरांचं पितळ उघडं पाडायला हा लेख इथपर्यंत लिहिला आणि आधी माधवला पाठवला.

चौथ्या दिवशी त्याचा फोन आला.

"दादा, सर व्हते तवा का न्हाई लिहिलं?"

मी खरं तेच सांगितलं. सरांची भीती वाटायची.

"मला बी," माधव म्हणाला. "म्हणून तर तसल्या गुडघ्यानं उतरलो."