सगळ्यांच्या मागे

चहाचे कप कोपऱ्यांवर ठेवून सुहासने डोंगराचा नकाशा टेबलावर पसरला. रविवारी आम्ही पाचजण सायकली घेऊन तिथल्या पायवाटेने उतरणार आहोत. त्याचं बोट वाट दाखवत सरकत होतं. जिथे रेषा दाटल्या होत्या, म्हणजे उतार अगदी खडा होता, तिथेही ते अडखळलं नाही. बोटाला कसली आलीय घसरायची भीती!

"सगळ्यात मागे कोण राहणार?" त्याने विचारलं. आमच्यात शेवटचा सायकलवाला कुणालाच ओलांडत नाही. वाटेत कोणी पडलं, तर तोच थांबतो, उचलतो.

"मी," मी पटकन म्हणालो. उतारावर मी सारखा ब्रेक दाबतो, ते कुणाला दिसू नये, एवढंच मनात होतं.

"चला, काळजी मिटली!" सुहास म्हणाला. सगळ्यांचे चेहरे सैल झाले. भीती लपायला जागा शोधते, आणि लोकांना तो धीर वाटतो.

मी माझा कप उचलला, तसा नकाशाचा कोपरा आपोआप गुंडाळला गेला. बाकी कोणीही पडलं, तरी मागून मी येणार आहे. मी पडलो, तर मागून कोणीच येणार नाही.