भीती कुणाला सांगायची

भोकरदनला मी शिकवते त्या शाळेसमोर एक शिंपी बसतात. मी त्यांना मामा म्हणते. कपडे कधी मिळतील विचारलं, की ते वार सांगतात आणि वर जोडतात, "प्रभूची मर्जी आसंल तर."

मागच्या वर्षी त्यांचा उजवा डोळा अधू झाला. ऑपरेशन करूनही नजर येईलच असं नाही, असं डॉक्टर म्हणाले. त्यांच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी भेटायला गेले, तर मामा एका मुलीच्या गणवेशाचं माप घेत होते.

"मामा, डोळा गेला तर?"

"पुढचं प्रभूवर सोडलंय, मॅडम."

"मग भीती नाही वाटत?"

टेप गुंडाळता गुंडाळता ते म्हणाले, "लई वाटून राह्यली. ती बी त्यालाच सांगतो. दुसऱ्या कुणाला सांगू?"

डोळा गेलाच. महिन्याभरानं ते पुन्हा दुकानात बसले. मी गेले तेव्हा सुईत दोरा ओवता ओवता चारदा चुकले होते. मी संकोचून हात पुढे केला.

"घ्या," ते हसले. "तुम्ही येताल, हे बी त्यानं बघितलं आसंल."

त्यांच्या देवाची मला फारशी माहिती नाही. पण आता शाळेत शिरण्याआधी मी रोज त्यांच्या चार सुया ओवून ठेवते.