यजमान आडवे, आरती सुरू

मंडळी, आज सकाळी गोखिवऱ्याला माझ्या मोठ्या भावाकडे सत्यनारायण होता. दादा उपाशीपोटी, कथा संपेपर्यंत पाटावर मांडी घालून बसलेला. आरतीला झटकन उभा राहिला आणि डोळेच फिरवले.

"अरे, पडू देऊ नका! खुर्चीत बसवा!" आम्ही सगळेच ओरडत होतो. बखोटीला धरून बसवला, तर मान कलली. सावरून पुन्हा बसवला, पुन्हा तेच. शेवटी आमचेच हात भरून आले, म्हणून नाइलाजाने सतरंजीवर आडवा केला. आणि तेव्हा कुठे त्याने डोळे उघडले!

डॉक्टर फोनवर चिडल्याच. "उठल्या उठल्या रक्त पायांत उतरतं. नसा आवळून ते वर ढकलायला शरीराला जरा वेळ लागतो, उपाशीपोटी ते जमलं नाही. आडवं झालं की रक्त डोक्याकडे जातं. तुम्ही बसवत काय होतात? संध्याकाळी तपासायला आणा."

वहिनीने मग त्याला उठूच दिलं नाही. पाय लोडावर ठेवून यजमानांनी झोपूनच टाळ्या वाजवल्या.

मी मात्र तेव्हापासून विचारात पडलोय. आपलं माणूस पडलेलं आपल्याला बघवत नाही, हे खरं. पण त्याला उभं करायची घाई त्याच्यासाठी असते की आपल्यासाठी?