नरसिंग कंडक्टरने कापलेला कर

नरसिंग कंडक्टरने बापूसाहेबांच्या आलोकचे सव्वापाच लाख हडपले, अशी आमच्या गल्लीत आवई आहे. किराणा दुकानात ऐकली तेव्हा रक्कम सव्वापाच होती, दूध घेऊन येईस्तोवर आठ झाली, आणि आमच्या हिच्या कानावर आली तेव्हा अख्खं घरच फुकटात लाटलेलं होतं. आता मी गल्लीतला अव्वल चुगलखोर, हे मान्य. पण चुगलीलाही काही इमान असतं की नाही? नरसिंगने छदामही घेतला नाही. पैसे सरकारी तिजोरीत आहेत, आलोकच्याच नावावर.

नरसिंग नांदेड-लातूर एसटीवर कंडक्टर होता. नोकरीतून निवृत्त झाला, नियमातून नाही. एकदा अर्ध्या वाटेवरच्या लोह्याला त्याचा सासरा गाडीत चढला, तर या बहाद्दराने आधी तिकिटाचे पैसे घेतले आणि मग पाया पडला. म्हाताऱ्याने वर्षभर बोलणं टाकलं. कोंडाबाई, म्हणजे नरसिंगची बायको, अजून त्यावरून टोमणे मारते. पण उभ्या नोकरीत त्याच्या बॅगेत कधी रुपया कमी-जास्त निघाला नाही. तीच त्याची इस्टेट. बाकी राहायला भाड्याचं घर.

समोर बापूसाहेब, निवृत्त मुख्याध्यापक. मुलगा आलोक कॅनडात. त्याच्या नावाचं आमच्या गल्लीतलं घर रिकामंच होतं. ते नरसिंगने चाळीस लाखांत ठरवलं. फंडाचे पैसे, वर लेकीने काढून दिलेलं कर्ज. आलोक सहीपुरता येऊन दाखल झाला. इथपर्यंत सगळं गोडीत.

पैसे पाठवायला नरसिंग बँकेत गेला, तर तिथल्या बाईंनी आलोकचं खातं बघून विचारलं, "हे परदेशात राहतात ना? मग कर तुम्हीच कापून भरायचा. नाही कापला तर सरकार तुमच्या मागे लागेल. त्यांचा कर कमी निघाला, तर जास्तीचे ते सरकारकडून परत मागतील."

चाळीस लाखांवर पाच लाख वीस हजार! बापूसाहेब उसळलेच.

"कसला परदेशी? आलोक लातूरचाच आहे!" म्हणाले आणि पुरावा म्हणून काय आणलं, तर गणेश मंडळाच्या पावत्या. दरवर्षीची वर्गणी ते आलोकच्याच नावाने देतात. आमच्याकडे रीतच आहे. पोरगं सातासमुद्रापार जावो, वर्गणी आणि लग्नपत्रिकेतलं नाव गल्लीतच राहतं. दस्त लिहिणाराही म्हणाला, "'राहणार लातूर' टाकून देऊ की, कोण बघतंय?" लातूरचा लिहिला की एवढ्या किमतीवर काहीच कापायचं नाही. सगळ्यांची सोय. फक्त उद्या नोटीस आली तर ती नरसिंगच्या दारात!

आलोकनेही लाडीगोडी लावली. "काका, तुम्ही आपलेच ना? मग एवढं काय?"

"आपला हायस म्हणूनच तर," नरसिंग म्हणाला. "म्या सासऱ्याचंबी तिकीट फाडलं हाय. तुला सोडू व्हय?"

दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, आलोकचं विमान तोंडावर आलेलं. दस्त झाला, कर भरला गेला, भरल्याचा दाखला आलोकला पोचला. आलोक बिचारा गप्प बसला. बापूसाहेब बसतील तर शपथ! दाखल्याचं अवाक्षर न काढता ते चहाच्या टपरीवर सांगत सुटले, "कंडक्टरची जात, हात मारायची सवय जाते थोडीच!"

हे ऐकून मलाच संताप आला, तर नरसिंगचं काय झालं असेल? ज्याने आयुष्यभर सुट्ट्या पैशांचाही हिशेब चुकू दिला नाही, त्याला म्हातारपणी चोर म्हणायचं! तो दोन दिवस जेवला नाही. कोंडाबाई म्हणाली, "घर नसलं तरी चालंल, पर ह्यो डाग नगं."

रविवारी नव्या घरात बुद्धवंदना झाली. खीर वाटली जात होती, आणि फाटकात बापूसाहेब उभे. अख्खी गल्ली हजर. मी तर पुढच्याच रांगेत, वाटी हातात.

"खा खीर आमच्या पैशाची!" ते कडाडले. "तुम्हाला घर दिलं, हेच चुकलं."

'तुम्हाला' या शब्दावर जरा जास्तच जोर होता. तो कोणाला कळला नाही असं नाही. पण गल्लीतल्या एकाची मान वर होईल तर! वंदनेला आलेली नरसिंगची माणसं तेवढी उठून उभी राहिली. नरसिंगने हातानेच त्यांना बसवलं आणि तो फाटकापाशी गेला.

"बापूसाहेब, आलोकला तिकडचं नागरिकत्व मिळालं, तवा तुम्ही गल्लीभर पेढे वाटले. 'पोरगा कॅनडाचा झाला' म्हणून माझ्या हातावर तुम्हीच ठेवले. पेढ्याच्या येळेला कॅनडाचा आन् कर भरायच्या येळेला लातूरचा, असला पोरगा माझ्या गाडीत चढला असता, तर म्या त्याला लोह्यालाच उतरवला असता."